चिखल अडवणारी फळी

आमच्या मामींच्या कपाळावर एक व्रण आहे. रुपयाच्या नाण्याएवढा, वाटोळा आणि मधोमध किंचित खोलगट. लहानपणी आम्हां भाचरांना तो ठाऊकच नव्हता, कारण त्याच्यावर त्या तेवढेच मोठे कुंकू लावीत. सुटीत आजोळी साताऱ्यास गेलो की साऱ्या मामी-मावश्यांत हेच कुंकू उठून दिसे. आई म्हणायची, "वहिनींचे कुंकू म्हणजे उगवता सूर्य!" सहा वर्षांपूर्वी मामा गेले. दिवस झाल्यावर मी भेटावयास गेलो, तेव्हा तो व्रण प्रथम पाहिला. विचारण्याची ती वेळ नव्हती.

ती वेळ गेल्या वर्षी भाद्रपदात आली, आणि तीही एका मोटारीच्या फळीमुळे.

मामांची जुनी मोटार घरामागच्या पडवीत बरीच वर्षे उभी होती. धाकट्या मामेभावाने मनावर घेतले, की दसऱ्याच्या पूजेला गाडी दारात उभी करायचीच. इंजिनाचे काम गावातल्या मिस्त्रींनी पाहिले. मात्र समोरचा डॅशबोर्ड बदलण्याचे काम घरीच करायचे ठरले. काचेच्या रबरातून वर्षानुवर्षे पाणी झिरपून डॅशबोर्डचा पत्रा चाळणीसारखा झाला होता. मामेभावाने भंगारबाजारातून त्याच गाडीचा, त्याच काळातला अस्सल पत्रा शोधून आणला होता. त्याला घासूनपुसून निळा रंग दिला आणि मला निरोप धाडला, "दादा, ये. तुझ्या अक्षराचे काम आहे."

अक्षराचे काम म्हणजे चिठ्ठ्यांचे. डॅशबोर्डच्या पाठीमागे तारांचे जे जंजाळ असते, त्यातली प्रत्येक तार सोडवण्यापूर्वी तिला चिठ्ठी बांधावी लागते. नाही तर परत जोडताना भोंगा वाजवला की दिवे लागायचे! मी मराठीचा मास्तर. मोटारीच्या यंत्रातले मला ओ की ठो कळत नाही. पण ठळक अक्षरात 'पेट्रोल काटा', 'डावा इशारा', 'किल्ली, लाल' असे लिहिणे मला जमण्यासारखे होते. आम्ही प्रथम बॅटरीची तार सोडली. हा पहिला नेम. पान्याचे टोक चुकून उघड्या तारेस आणि पत्र्यास एकदम टेकले, तर ठिणगी उडते आणि तारा जळतात. मग मी एकेक चिठ्ठी लिहीत गेलो आणि मामेभाऊ एकेक तार सोडीत गेला.

एवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. ओट्यावर टेकून ठेवलेला तो निळा पत्रा त्यांनी पाहिला. डाव्या बाजूस, चालकाच्या शेजारच्या आसनासमोर, कप्प्याचे झाकण होते आणि त्यावर पितळी गोल मूठ होती. मामींचा हात नकळत कपाळाकडे गेला.

"तीच मूठ आणलीस होय रे?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितले. साल १९७४. लग्नास चार महिने झाले होते. मामा आणि त्या पुण्याहून परत येत होत्या. खंबाटकीचा घाट उतरताना वळणावर समोर बैलगाडी आली आणि मामांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली. बैलांस काही झाले नाही, गाडीवानास काही झाले नाही, मोटारीसही काही झाले नाही. पण मामी पुढे फेकल्या गेल्या आणि ती मूठ त्यांच्या कपाळात रुतली. "सात टाके पडले," त्या म्हणाल्या. "तुझे मामा पुढे वर्षभर मला त्या जागी बसू देत नव्हते. मागे बस म्हणायचे." चहाचे कप उचलून त्या आत गेल्या. मामेभावाला हे ठाऊक होते, पण ते मुठीचे काम आहे हे त्याने कधी लक्षात घेतले नव्हते. तो पत्र्याकडे पाहत बसला आणि मी चिठ्ठ्यांकडे.

त्या दिवशी काम तेथेच थांबले. अस्सल भाग हाती आलेला, तो लावावा की नाही? मला शब्दांच्या पाठीस लागण्याची जुनी खोड आहे. परतल्यावर मी या 'डॅशबोर्ड' शब्दाचा माग काढावयास बसलो. जे हाती आले ते वाचकांस सांगतो. पुढे घडले ते त्याखेरीज कळणार नाही.

हा शब्द मोटारीचा नाहीच. तो घोडागाडीचा आहे. इंग्रजीत 'डॅश' म्हणजे उसळून आदळणे. घोडा दौडू लागला की त्याच्या टापांनी चिखल, पाणी, खडे मागे उडतात आणि हाकणाऱ्याच्या अंगावर येतात. म्हणून घोडा आणि माणूस यांच्यामध्ये लाकडाची किंवा चामडे ताणून बसवलेली एक आडवी फळी उभी करीत. उसळणारा चिखल अडवणारी ती डॅशबोर्ड. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नाव रूढ झाले. म्हणजे जन्मतः ही फळी माणसाच्या रक्षणासाठी होती. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे ती हे विसरली.

पुढे बिनघोड्याच्या गाड्या निघाल्या. घोडा गेला, टापा गेल्या, पण फळी राहिली! सवय मोठी वाईट. अमेरिकेत रॅन्सम ओल्ड्स नावाच्या कारखानदाराने १९०१ साली जी गाडी बाजारात आणली, तिचे नावच 'कर्व्ड डॅश' म्हणजे वाकड्या फळीची गाडी असे पडले. तिची पुढची फळी बर्फावरून घसरणाऱ्या गाडीसारखी सुबक वळवलेली होती. इंजिन आसनाखाली, सुकाणू नावेच्या दांड्यासारखे आणि किंमत साडेसहाशे डॉलर. मोठ्या संख्येने एकसारख्या बनवलेल्या आरंभीच्या मोटारींत हिची गणना होते. पुढे घोडा नाही, इंजिनही नाही. तरी फळी आपली ऐटीत उभी.

फ्रान्समध्ये त्याआधीच, १८९१ च्या सुमारास, पानार आणि लव्हासॉर या जोडीने इंजिन पुढे आणून ठेवले होते. ही पद्धत सर्वत्र पसरली आणि फळीला पुन्हा काम मिळाले. आता ती चिखलाऐवजी इंजिनाची धग, तेल आणि धूर अडवू लागली. मग कोणाच्या तरी ध्यानात आले, की हाकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ही आयती भिंत आहे. हिच्यावर खिळा ठोकावा आणि काही टांगावे. आपल्या घरातल्या भिंतीवर नाही का दिनदर्शिका, घड्याळ आणि देवांच्या तसबिरी जमत जातात? तसेच झाले. तेलाचा दाब दाखवणारे यंत्र आले, दिव्यांची बटणे आली, आणि वेग सांगणारा काटा आला.

हा वेगाचा काटा मोठा गमतीचा आहे. स्ट्रासबुर्गच्या ऑटो शुल्झे याने १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. गाडीच्या गिअरपेटीतून एक पिळाची लवचिक तार डॅशबोर्डपर्यंत येते. चाक फिरले की तार फिरते, आणि तारेच्या टोकाचे लोहचुंबक फिरते. त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते. चुंबक वाटीला शिवत नाही, तरी फिरता फिरता तिला आपल्यामागे ओढू पाहतो, आणि केसाएवढी बारीक कमान तिला धरून ठेवते. या ओढाताणीत वाटी जेवढी वळेल तेवढा काटा सरकतो. बॅटरीची त्यात काहीही मदत नाही. कित्येक दशके जगातल्या बहुतेक मोटारी याच युक्तीने आपला वेग सांगत होत्या.

तरी सगळ्यांच्याच फळ्या भरलेल्या नव्हत्या. फोर्डची 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीवर निघाली. पेट्रोलचा काटा तिच्या फळीवर नव्हता. टाकी आसनाखाली असे. पेट्रोल किती उरले हे पाहायचे तर आसन उचलायचे, टाकीत लाकडी पट्टी बुडवायची आणि कुठवर ओली झाली ते पाहायचे. घासलेटच्या डब्यात काडी घालून पाहणाऱ्या आपल्या आज्यांना ही रीत परकी वाटली नसती.

इथवर ही कथा गोड आहे. पुढे पत्र्याच्या गाड्या आल्या, वेग वाढला, आणि चिखल अडवणाऱ्या फळीवर माणसांचे चेहरे आदळू लागले.

डेट्रॉइट म्हणजे अमेरिकेतली मोटारींची राजधानी. तेथे क्लेअर स्ट्रेथ नावाचे प्लास्टिक सर्जन होते. मोटारींच्या अपघातात फुटलेले चेहरे सांधणे हे त्यांचे रोजचे काम. सांधता सांधता त्यांच्या ध्यानात आले, की या जखमा पुन्हा पुन्हा त्याच त्या आहेत आणि त्या करणारी वस्तूही तीच आहे: पुढे आलेली बटणे, मुठी आणि पत्र्याची धार. चालकाला निदान सुकाणूचे चाक धरायला असते. शेजारी बसलेल्या पाहुण्याला काहीच नसते, आणि तेथे बहुधा स्त्रिया बसलेल्या असत. स्ट्रेथ यांनी १९३० नंतरच्या त्या वर्षांतच आपल्या मोटारीत पट्टे बसवले, फळीला गादी लावली, आणि कारखानदारांच्या पाठीस लागले. वॉल्टर क्रायस्लर यांनी त्यांचे म्हणणे ऐकले. क्रायस्लर कंपनीच्या १९३७ च्या गाड्यांत बटणे खोबणीत आत घेतली गेली. एका वैद्याने जखमेवरून मागे मागे जाऊन तिचे मूळ शोधले, आणि जखम होऊच नये यासाठी धडपड केली. मला तर ही गोष्ट एखाद्या लढाईच्या हकिगतीपेक्षा मोठी वाटते.

पण साऱ्यांनी ऐकले असे नाही. प्रेस्टन टकर याने १९४८ च्या आपल्या मोटारीत फळीस गादी लावली आणि पाहुण्याच्या पुढ्यात मोकळी जागा ठेवली. त्याच्या गाड्या पन्नासएकच झाल्या आणि कारखाना बंद पडला. फोर्ड कंपनीने १९५६ साली गादीची फळी आणि पट्टे देऊ केले, पण ज्यांना हवे त्यांनी जास्त पैसे देऊन घ्यावेत अशी योजना होती. १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी छातीवरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा आणला, आणि त्याचे पेटंट कंपनीने इतर कारखानदारांस खुले ठेवले. १९६५ साली राल्फ नेडर यांचे मोटारींच्या धोक्यांवरील पुस्तक गाजले. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली. १९६८ पासून अमेरिकेत डॅशबोर्ड असा असावा, की त्यावर डोके आदळले तर तडाखा सोसून घेईल, असा नियम झाला. चेहरे फुटू लागल्यापासून नियम होईपर्यंत एक पिढी उलटली होती.

आपल्याकडे काय? सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी निघाली. मुंबईची काळीपिवळी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण होते. त्या टॅक्सीचा डॅशबोर्ड म्हणजे एक देवघरच असे: मधोमध गणपती, बाजूस साईबाबा, झेंडूचा हार आणि उदबत्तीची राख. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. नव्या मोटारींत पुढच्या आसनांना पट्टे हवेतच, हा नियम आपल्याकडे १९९४ साली आला. चालकासमोरची हवेची पिशवी १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या आसनासमोरची पिशवी १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांना आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून जुन्या मॉडेलांनाही सक्तीची झाली. ही दुसरी पिशवी राहते कोठे? डॅशबोर्डच्या पोटात! ज्या जागी मामींच्या काळात मूठ होती, बरोबर तेथे आता घडी घातलेली उशी असते. धडक बसली की दारूचा छोटा बार उडतो आणि निमिषार्धात ती फुगते. म्हणून आजच्या गाडीचा डॅशबोर्ड घरी उघडण्याच्या भरीस कोणी पडू नये. आमची गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीची होती.

हे सारे मी एका वहीत टिपून पुढच्या रविवारी साताऱ्यास घेऊन गेलो. मामेभावाने मान खाली घालून ऐकले. मग म्हणाला, "दादा, गाडी अस्सल राहावी असे मला फार वाटत होते. बाबांनी पाहिली होती तशी."

"मामांनी पाहिले होते ते तू पाहिले नाहीस," मी म्हणालो. बोलून गेलो आणि वाईट वाटले. पण तो रागावला नाही.

तडजोड अशी झाली. पत्रा अस्सलच लावायचा, कारण काटे, बटणे त्यातच बसतात. पण डाव्या बाजूची मूठ काढून तेथे बोटाने दाबायची खोलगट कडी बसवायची, वरच्या धारेवर आणि कप्प्याच्या झाकणावर जाड फोम घालून रेक्झिन चढवायचे. मिस्त्री म्हणाले, "नुसत्या गादीने काय होतंय? माणूस जागेवर धरून ठेवला पाहिजे." स्ट्रेथ साहेबांचे नाव त्यांनी कधी ऐकलेले नव्हते, पण निष्कर्ष तोच. पट्टे नुसत्या तळाच्या पत्र्याला नट लावून भागत नाही. झटक्याने पत्रा फाटून पट्टा उपसून येतो. म्हणून मिस्त्रींनी खालून जाड पोलादी तुकडे वेल्ड करून मग पट्टे बसवले.

रेक्झिन चढवावयास दोन दिवस गेले. मग आम्ही पत्रा बसवला. माझ्या चिठ्ठ्या वाचून मामेभावाने तारा जोडल्या, वेगाची तार मागून आटे फिरवून घट्ट केली, सगळ्यांत शेवटी बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. काट्यांमागचे दिवे लागेनात! पेट्रोलचा काटा भलतीकडेच जाऊन बसला. मामेभावाने माझ्याकडे पाहिले. मी चिठ्ठ्या चारदा तपासल्या. अक्षर चुकले नव्हते. पडवीतून चार पावले गाडी पुढे नेली, तर वेगाचा काटा मात्र छान हलला. शुल्झेच्या चुंबकास बॅटरीची गरज नाही, हे मला तेवढ्यात आठवले, आणि गडबड विजेत आहे हे आम्हां दोघांच्याही ध्यानात आले.

मिस्त्री आले, हसले. त्यांनी एक स्क्रू काढला, त्याच्या खालचा निळा रंग पॉलिशपेपरने खरवडला आणि चमकता पत्रा उघडा करून स्क्रू परत आवळला. दिवे लागले! अशा गाडीत वीज तारेने येते, पण परत जाते ती पत्र्यातूनच. साऱ्या मोटारीचा सांगाडा हीच परतीची वाट असते. आम्ही हौसेने रंगाचे तीन हात दिले होते, स्क्रूच्या भोकांतसुद्धा. त्या रंगानेच वाट अडवली होती. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, वरून कितीही रंगवा, पण जोडाच्या जागी लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे." मी हे वाक्य वहीत टिपून घेतले.

दसऱ्याला सकाळी गाडी दारात उभी राहिली. झेंडूचे तोरण लावले. मामेभावाची मुलगी पूजेचे तबक घेऊन आली आणि सरळ आजीपुढे उभी राहिली. "आजी, तू कर पूजा. गाडी आजोबांची ना?"

मामी क्षणभर थबकल्या. "अगं, मी कशी? तुझ्या आईला सांग." मुलीने तबक मागे घेतले नाही. सूनबाईंनीही हात पुढे केला नाही. त्या नुसत्या हसून बाजूस उभ्या राहिल्या. शेवटी मामींनी कुंकवात बोट बुडवले. गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढले. मग डावे दार उघडून त्या पुढच्या आसनावर बसल्या. समोरच्या गादीवर त्यांनी तळहात दाबून पाहिला, एकदा, दोनदा. जेथे मूठ होती तेथे बोटाने कुंकवाचा टिळा लावला. रेक्झिनवर तो नीट उमटेना, तेव्हा पुन्हा बोट बुडवून ठसठशीत लावला, रुपयाएवढा.

मामेभावाने वाकून त्यांचा पट्टा अडकवला. "आई, आवळत नाही ना?"

"राहू दे," मामी म्हणाल्या. "चल, घाटापर्यंत जाऊन येऊ. मला पुढेच बसायचंय."